गडाचे रूपक आणि खाचरातील कृमी : 'रोगप्रतिकारशक्ती' या कल्पनेची एक चिकित्सा

मराठीतील सुबोध आरोग्यलेखनात एक रूपक इतके रुळले आहे की, ते रूपक आहे याचे भानही वाचकास राहत नाही. शरीर हा किल्ला, त्वचा ही तटबंदी, रक्तातील पांढऱ्या पेशी ही शिबंदी आणि रोगजंतू म्हणजे वेढा घालून बसलेला शत्रू, असे ते रूपक होय. शालेय पाठांत ते आढळते, व्याख्यानांत आढळते आणि औषधांच्या जाहिरातींतही आढळते. 'रोगप्रतिकारशक्ती' हा आपला रूढ शब्द याच रूपकाच्या पोटी अर्थ धारण करतो. शक्ती अधिक तर गड अभेद्य, शक्ती उणी तर गड पडला, असा त्याचा साधा हिशेब आहे.

मावळातील विद्यार्थ्यास हे रूपक समजावून सांगावे लागत नाही. लोहगड आणि विसापूर त्याच्या डोळ्यांसमोर उभे आहेत. तुंग, तिकोना, राजमाची आणि कोरीगड ही नावे त्याच्या कानांवर बालपणापासून पडलेली असतात. परंतु याच गडांच्या पायथ्याशी पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ यांतील भातखाचरे पसरलेली आहेत. चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत तेथे माणसे तासन्‌तास अनवाणी वावरतात. त्या ओल्या मातीतून माणसाच्या देहात शिरू शकणारा एक जीव गडाच्या रूपकात कोठेच बसत नाही. तो तट फोडून लुटालूट करीत नाही. तो आत येऊन वर्षानुवर्षे राहतो, आणि शिबंदी जिवंत, धडधाकट व सशस्त्र असतानाही राहतो. हे कसे घडते, आणि ते घडत असेल तर आपल्या रूढ कल्पनेत कोणती दुरुस्ती करावयास हवी, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम रूपकाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. देवी, गोवर, पटकी, प्लेग यांसारख्या तीव्र रोगांचे वर्णन वेढ्याच्या भाषेत बऱ्याच अंशी बरोबर होते. शत्रू अकस्मात येतो, त्याची संख्या झपाट्याने वाढते आणि थोड्याच दिवसांत निकाल लागतो : रोगी दगावतो, किंवा बरा होतो. देवी आणि गोवर यांसारख्या रोगांत तर बरा झालेला मनुष्य त्या रोगापासून पुढे दीर्घकाळ सुरक्षित राहतो. लस टोचणे म्हणजे शिबंदीला शत्रूची ओळख आधीच करून देणे, हे स्पष्टीकरणही या मर्यादेत निर्दोष आहे. देवीचे निर्मूलन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, ते याच विचाराचे फळ होय.

परंतु परोपजीवी जीवांचा स्वार्थ निराळा असतो. हत्तीरोगाचा कृमी लसीकावाहिनीत पाच वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जगतो. आतड्यातील अंकुशकृमीही कित्येक वर्षे तग धरतो. ज्या देहात राहावयाचे तो देह लवकर कोसळला, तर अशा जिवाचे नुकसानच होते. आणि त्या देहाने आपल्याला ओळखून हाकलले, तरीही नुकसानच होते. म्हणून दीर्घकाळच्या उत्क्रांतीत असेच परोपजीवी टिकले की, ज्यांना यजमानाचा प्रतिकार चुकविता आला किंवा दबविता आला.

चुकविणे आणि दबविणे या दोन क्रिया सुबोध लेखनात सर्रास एक मानल्या जातात. त्यांची फारकत करणे आवश्यक आहे, कारण पहिल्या क्रियेने गडाचे रूपक केवळ ताणले जाते, तर दुसरीने ते मोडते.

२

चुकविण्याचे ठळक उदाहरण हिवतापाचे. फाल्सिपेरम जातीचा हिवतापाचा परोपजीवी तांबड्या रक्तपेशीत राहतो. या पेशीस केंद्रक नसते, आणि आपल्या आत कोण शिरले आहे याची खूण मारेकरी टी-पेशींना दाखविण्याची सोयही तिच्यापाशी नसते. पुढे हा परोपजीवी त्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक प्रथिन बसवितो. त्याच्या साहाय्याने पेशी सूक्ष्म रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटून राहते व प्लीहेच्या चाळणीतून जाण्याचे टळते. या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. परंतु परोपजीवीजवळ त्या प्रथिनाचे सुमारे साठ पर्यायी नमुने जनुकरूपाने साठविलेले असतात, व एका वेळी बहुधा एकच वापरला जातो. एक नमुना ओळखला गेला की काही परोपजीवी दुसरा नमुना घेऊन पुढे येतात. हिवतापाच्या प्रदेशात अंशतः संरक्षण मिळावयासही अनेक वर्षांचा वारंवार संसर्ग का लागतो, याचा एक मोठा उलगडा येथे होतो.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाण्याचा विकार आढळला, आणि तो शिस्टोसोमा या रक्तकृमीमुळे होतो असे गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली दाखवून दिले. भारतात या रोगाचे स्थानिक केंद्र म्हणून गिमवीचे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. या गणातील कृमी तर रक्तवाहिनीतच, म्हणजे प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी यांच्या ऐन रहदारीत, वर्षानुवर्षे राहतात. ते कसे राहतात याचे एक मार्मिक उत्तर स्मिदर्स, टेरी आणि हॉकली यांनी १९६९ साली दिले. उंदराच्या देहात वाढलेले कृमी त्यांनी माकडांच्या देहात सोडले. सामान्य माकडांत ते जगले; परंतु ज्या माकडांना उंदराच्या घटकांविरुद्ध आधीच प्रतिक्षम केले होते, त्यांच्यात ते मेले. याचा अर्थ असा की, कृमीने यजमानाचेच घटक अंगावर पांघरले होते. त्या पांघरुणामुळे तो परका दिसत नव्हता.

येथवर गडाचे रूपक कसेबसे चालते. शत्रूने वेष पालटला, पहारेकऱ्यास ओळख पटली नाही, असे म्हणून वेळ मारून नेता येते. पुढील पुराव्यापुढे मात्र तसे करता येत नाही.

३

अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर, सावलीच्या, ऊबदार मातीत वाढतात आणि पायाच्या त्वचेतून आत शिरतात. रक्तावाटे त्या फुप्फुसांत जातात, श्वासनलिकेतून वर येऊन गिळल्या जातात, आणि अखेर लहान आतड्यात ठाण मांडतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्यावर शौचास बसण्याची चाल जेथे राहिली, तेथील बांधाकडेची आणि पाणंदीतील सावलीची माती या अळ्यांस सोयीची ठरते. मावळासारख्या भातप्रदेशात ही गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. नेकॅटर जातीचा एक कृमी दिवसास सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो. शंभर कृमी असतील, तर दिवसाचे तीन आणि महिन्याचे नव्वद मिलिलिटर रक्त गेले. अपुऱ्या आहारावर कष्टणाऱ्या देहात पांडुरोग येण्यास एवढे पुरेसे आहे.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या संसर्गाविरुद्ध वयाबरोबर पुरेसे संरक्षण येत नाही. गोल जंताचा भार बालवयात सर्वाधिक असून पुढे घटतो. अंकुशकृमीचा भार मात्र प्रौढपणीही कायम राहतो. शिबंदीस शत्रू दिसत नाही असेही म्हणता येत नाही, कारण रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात आणि इओसिनरागी पेशी वाढलेल्या असतात. ओळख पटलेली आहे, परंतु कारवाई फळास येत नाही. या अपयशाची काही कारणे कृमीच्या स्रावांत सापडली आहेत. इओसिनरागी पेशींना पाचारण करणारा एक रासायनिक संदेश नेकॅटरच्या स्रावातील विकर तोडून टाकते, असे २००० साली दाखविण्यात आले. म्हणजे शिबंदी जिवंत आहे, पण तिला धाडलेला हुकूम वाटेतच फाडला जातो.

यापुढची पायरी अधिक मूलगामी आहे. मनुष्याच्या प्रतिक्षमतेत केवळ प्रहार करणाऱ्या पेशी नसतात. प्रहार आवरणाऱ्याही पेशी असतात. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्यांची ओळख निश्चित केली, आणि या क्षेत्रातील कार्याबद्दल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या पेशी नसतील तर प्रतिकार स्वतःच्याच अवयवांवर उलटतो. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही त्यांची प्रमुख संदेशद्रव्ये होत. परोपजीवींनी नेमक्या याच व्यवस्थेचा आश्रय घेतला आहे. उंदराच्या आतड्यातील एका कृमीच्या स्रावात टीजीएफ-बीटाचे कार्य करणारे प्रथिन असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याची घडण यजमानाच्या प्रथिनाहून निराळी आहे. परंतु ते त्याच ग्राहकास जाऊन चिकटते आणि सामान्य टी-पेशींचे रूपांतर नियामक पेशींत घडवून आणते. कृमीने येथे शिबंदीचा पराभव केलेला नाही. आवरते घेण्याचा जो हुकूम गडावरून एरवीही सुटतो, तोच त्याने आपल्या सोयीने सोडला आहे.

'शक्ती' हा शब्द येथे अपुरा पडतो. शक्ती ही कमीअधिक होणारी एकजिनसी वस्तू आहे अशी त्या शब्दाची सूचना असते. ज्या देहात नियामक पेशी वाढल्या त्या देहाची शक्ती वाढली म्हणावयाचे की घटली? वाढला आहे तो प्रतिक्षमतेचाच एक भाग, आणि दबला आहे तोही तिचाच एक भाग.

४

ही चर्चा केवळ शब्दांची असती तर ती परिभाषेच्या कोशकारांवर सोडून देता आली असती. तिचा व्यवहाराशी संबंध किती निकटचा आहे, हे हत्तीरोगावरून स्पष्ट होते.

या रोगाचे सूक्ष्म अर्भककृमी माणसाच्या रक्तात असल्याचे टिमोथी लुइस यांनी १८७२ साली कलकत्त्यास पाहिले. हे अर्भककृमी आपल्याकडे बहुधा रात्री रक्तात उतरतात. म्हणून पाहणीचे रक्तनमुने रात्री घ्यावे लागतात. महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा या रोगासाठी प्रसिद्ध आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी यांनी प्रतिजन व प्रतिपिंड यांवर आधारलेल्या निदानाचे काम दीर्घकाळ केले, तेही याच परिसराच्या गरजेतून.

गडाच्या रूपकानुसार पाहू गेल्यास, ज्याचा पाय सुजून हत्तीच्या पायासारखा झाला त्याचा गड पडला, आणि ज्याचे हातपाय निकोप त्याचा गड शाबूत, असे अनुमान निघते. प्रत्यक्ष स्थिती अनेकदा याच्या उलट असते. ज्यांच्या रक्तात अर्भककृमी विपुल असतात ती माणसे पुष्कळदा बाहेरून निरोगी दिसतात. त्यांच्या टी-पेशी कृमीच्या प्रतिजनास क्षीण प्रतिसाद देतात, आणि इंटरल्यूकिन-१० चे प्रमाण वाढलेले असते. उलट ज्यांचा पाय सुजलेला असतो, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या रक्तात अर्भककृमी सापडतच नाहीत. तेथे कृमीविरुद्धचा दाहक प्रतिसाद प्रबळ असतो, आणि मेलेल्या कृमींभोवतीचा दाह व पुढील जंतुसंसर्ग यांनी लसीकावाहिन्यांची हानी होत जाते. निरोगी दिसणे हे येथे सामर्थ्याचे लक्षण नसून दबलेल्या प्रतिकाराचे लक्षण आहे. आणि डासाला पुढच्या माणसाकडे नेण्यासाठी अर्भककृमी मिळतात, ते याच निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातून.

या ठिकाणी चरकसंहितेतील विमानस्थानाच्या सातव्या अध्यायाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 'व्याधितरूपीय' या नावाच्या त्या अध्यायात दोन प्रकारच्या रोग्यांचा विचार आहे. एकास व्याधी मोठी असून तो सौम्य व्याधीचा भासतो. दुसऱ्यास व्याधी अल्प असून तो मोठ्या व्याधीचा भासतो. केवळ रूप पाहून निर्णय करणारा वैद्य दोहोंच्या बाबतीत फसतो, असा तेथील इशारा आहे. त्याच अध्यायात पुढे कृमींचे वीस प्रकार आणि त्यांची चिकित्सा येते, आणि देहाबरोबर असणारे 'सहज' कृमी त्या गणनेतून वगळलेले आहेत. कृमींना बाहेर काढणे, त्यांना पोषक अशी स्थिती मोडणे आणि त्यांचे कारण टाळणे ही तेथील त्रिविध चिकित्सा आजही विचारार्ह आहे.

परंतु यावरून चरकास परोपजीवींचे प्रतिक्षमतादमन ज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. मोठी व्याधी सौम्य भासण्याचे कारण चरकाने रोग्याचे सत्त्व, बल आणि शरीरसंपदा यांत पाहिले. म्हणजे सौम्य रूपामागे त्याच्या मते रोग्याचे बळ असते. हत्तीरोगाच्या वाहकात सौम्य रूपामागे कृमीचे कर्तृत्व असते. निरीक्षणातील सावधगिरी ही चरकाची देणगी निर्विवाद आहे. तिचे कारण मात्र त्या काळच्या साधनांनी कळण्याजोगे नव्हते. प्राचीन ग्रंथाचा गौरव त्याच्या पदरी नसलेले ज्ञान घालून होत नाही.

५

गडाच्या रूपकाविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या गडांवरून ते सुचते, त्यांचा इतिहासही त्यास पुरती साक्ष देत नाही. लोहगड, तुंग आणि तिकोना १६६५ साली मोगलांकडे गेले, ते पुरंदरच्या तहाने. १७१४ साली बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांची लोणावळ्याजवळ भेट होऊन तह झाला, आणि ताराबाईंच्या पक्षाचे कान्होजी शाहूंच्या पक्षास मिळाले. आपल्या ताब्यातील बहुतेक किल्ले त्यांनी राखले. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी विसापूर घेताच लोहगड लढाईवाचून रिकामा झाला. गड कोणाच्या हाती राहणार हे तटाच्या उंचीइतकेच तहावर, हुकुमावर आणि शेजारच्या टेकडीवर अवलंबून होते. रूपक घेणाऱ्यांनी तट घेतला व तह सोडून दिला, असे म्हणता येईल.

तथापि तहाची उपमाही जपून वापरावी लागते. तहात दोन पक्ष जाणून उमजून अटी ठरवितात. कृमी आणि मनुष्यदेह यांत असा करार नाही. एका पक्षाच्या नकळत त्याच्याच यंत्रणेचा उपयोग करून घेणे आहे, आणि त्याची किंमत देहास मोजावी लागते.

ही किंमत विसरणारा एक नवा विचारप्रवाह अलीकडच्या काळात बळावला आहे. गॅबन देशातील मुलांच्या एका अभ्यासात, शिस्टोसोमाचा संसर्ग असलेल्या मुलांत घरधुळीतील किड्यांविरुद्धची त्वचेची अधिहर्षता कमी आढळली, आणि तिचा संबंध वाढलेल्या इंटरल्यूकिन-१० शी दिसला. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. गिमवीच्या रोगाचा कर्ता मानलेली जातच येथे अभ्यासिली गेली होती. यावरून 'जंत असलेले बरे' असा निष्कर्ष काढणारे लेखन पुष्कळ होते. ज्या दमनामुळे दमा किंवा पुरळ कमी होत असेल, त्याच दमनामुळे इष्ट प्रतिकारही मंदावतो, ही बाजू त्यात झाकली जाते. ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली पश्चिम आफ्रिकेतील हिवतापग्रस्त मुलांत धनुर्वाताच्या लशीला मिळणारा प्रतिसाद उणा असल्याचे दाखविले. इक्वेडोरमध्ये गोल जंत झालेल्या मुलांना लशीपूर्वी जंतनाशक दिले असता पटकीच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीचा प्रतिसाद सुधारला. शिवाय पांडुरोगाने ग्रासलेल्या गर्भवतीस आणि तिच्या अर्भकास कृमींचा कोणताही लाभ दाखविता येणार नाही. कृमींच्या स्रावातील द्रव्ये शुद्ध करून त्यांपासून औषध शोधणे हा निराळा उद्योग आहे, आणि तो अवश्य व्हावा; त्याने मातीतील संसर्गाचे समर्थन होत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. भारतात २००४ पासून हत्तीरोगाच्या प्रदेशांत वर्षातून एकदा सर्वांना औषध देण्याची मोहीम चालविली जाते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा व अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. या मोहिमांपुढची नित्याची अडचण अशी की, निरोगी मनुष्य विचारतो, "मला काही झालेले नाही, मग औषध कशासाठी?" गडाचे रूपक या माणसाचीच बाजू घेते. गड शाबूत असता लढाई कसली, हा त्याचा प्रश्न रूपकाच्या चौकटीत बिनतोड आहे. त्याला उत्तर द्यावयाचे तर चौकटच बदलावी लागते. काही न होणे हेच परोपजीवीचे साधन असू शकते, ही गोष्ट त्याला साध्या शब्दांत सांगावी लागते. त्याचप्रमाणे प्रतिकारशक्ती 'वाढविण्याचे' आश्वासन देणाऱ्या चूर्णांच्या व गोळ्यांच्या जाहिराती ज्या कल्पनेवर पोसतात, तीही हीच आहे. जेथे प्रश्न नियमनाचा आहे, तेथे वाढविण्याची भाषा निरर्थक ठरते. आणि हत्तीरोगासारख्या विकारात अनावर प्रतिसाद हाच रोग्याचा पाय बिघडवितो.

'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द भाषेतून काढून टाकावा असे सुचविण्याचे प्रयोजन नाही. रूढ शब्द हुकुमाने जात नसतात. परंतु पाठ्यपुस्तकांत आणि सुबोध लेखनात 'रोगप्रतिकारक्षमता' या शब्दास अग्रक्रम मिळावा, आणि तिच्या वर्णनात प्रहाराइतकेच आवराचेही स्थान असावे. क्षमतेत तोल साधण्याची जी अर्थच्छटा आहे, ती शक्तीत नाही. ज्या पाठात पांढऱ्या पेशींच्या सैन्याचे चित्र असेल, त्याच पाठात अंकुशकृमीची दोन वाक्ये आली तरी विद्यार्थ्याची कल्पना पुष्कळ यथार्थ होईल.

मावळातील विद्यार्थ्यास तर हे दोन्ही पाठ एकाच ठिकाणी उभे राहून देता येतील. वर लोहगडाचा तट आहे आणि खाली भाताचे खाचर. तटाकडे पाहून देवीच्या लशीचे महत्त्व कळेल. खाचरातील माणसाचे आरोग्य जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या चेहऱ्यावरून अनुमान न काढता त्याचा शौचनमुना आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे लागेल, त्याच्या पायांत काही आहे की नाही हे पाहावे लागेल, आणि गावात शौचालय असून ते वापरात आहे काय, याची चौकशी करावी लागेल.